हर्षदचा बॅनर

कडावच्या नाक्यावर विनिताचं बॅनरचं दुकान होतं आणि तिला एकच खूळ होतं. बाकीचे डिझायनर चोरीच्या सॉफ्टवेअरवर कामं उरकत, ही बया गिंपवर करी. गिंप म्हणजे फोटो सजवायचं फुकट सॉफ्टवेअर, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. वाढदिवस असो की बारसं, कोपऱ्यात तिची ओळ ठरलेली: ‘हे काम मोफत गिंपवर केले आहे. शिकायचे असल्यास या.’ काम चांगलं दिसलं की लोक आपसूक येतील, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांत चिटपाखरू फिरकलं नाही. फुकटच्या मालाला कोण भाव देतो!

मग तिचा धाकटा भाऊ हर्षद शिळफाट्याला अपघातात गेला. श्रद्धांजलीचा बॅनर कुणी करायचा, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. दुकान घरचंच. मामेबहिणीच्या लग्नातल्या फोटोतून विनिताने त्याला कापून काढलं, मागे आभाळ घातलं, हार चढवला. डोळ्यांत टिपूस नाही. हात रोजच्यासारखे चालत राहिले आणि सवयीने ती ओळही कोपऱ्यात गेली.

बॅनर नाक्यावर लागला तशी भावकी कुजबुजली, सख्ख्या भावाच्या मरणावर जाहिरात! आई बोलेनाशी झाली. विनिताला लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तेराव्यापर्यंत सगळं बधिरच होतं.

चौदाव्या दिवशी बुधाजी पेंटर दुकानात शिरला. फ्लेक्स आल्यापासून त्याचे ब्रश वाळले होते, या दुकानाकडे तो बघतही नसे.

“बॅनरवरचं वाचलं. मला शिकवशील का गं?” तो म्हणाला. “जलमभर बोर्ड रंगवले, पन असा जिवंत चेहरा आपल्याला नाय जमला. कसा केलास, दाखव.”

विनिताने फाइल उघडली. बुधाजी पडद्याजवळ वाकला.

“एक चुकलंय बघ. डावा खांदा दबलाय, सदऱ्याला चुण्या हायेत. हितं कोनाचा तरी हात व्हता. हात काढलास, भार तसाच राह्यला.”

तिने एकेक थर बंद करत दाखवलं. हार गेला, आभाळ गेलं, मागे मांडव आला. हर्षदच्या खांद्यावर मेंदी लावलेला एक हात आला.

“कोनाचा गं?”

“माझा,” विनिता म्हणाली. “माझाच, काका. मीच कापला.” आणि इतक्या दिवसांनी तिला रडू फुटलं.