भांडायचं कोणाशी

निरुपमाताई बडोद्याच्या नागरवाड्यातून मांडवीकडे निघाल्या की भाजीवाले सावध होत. वीस वर्षं शाळेत गणित शिकवणारी बाई. जीभ तिखट, नजर त्याहून तिखट.

मग शाळेतल्या शिबिरात त्यांनी पहिल्यांदा रक्त दिलं आणि सगळं बिघडलं.

"हे कोणाला जाणार?" खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी नर्सला विचारलं.

"ते नाही कळत ताई. बडोद्यातल्याच कोणाला तरी."

वर पंखा संथ फिरत होता. डोळे मिटले तसं त्यांना वाटलं, आपण हळूहळू गावभर वाटले जातोय. कोणाच्या गालात, कोणाच्या तळपायात.

तेव्हापासून त्या दर चार महिन्यांनी रक्त देत राहिल्या आणि भांडण्याजोगी माणसं कमी कमी होत गेली. उलट्या बाजूने रिक्षा घालणाऱ्यावर तोंड टाकणार, तोच त्याचे लाल कान दिसायचे. याच्यात तर नसेल आपलं?

एकदा भाजीवाल्या रमणभाईने पिशवीच्या तळाशी चार मऊ टोमॅटो सरकवले. ताईंनी पाहिलं, हसल्या, आणि पैसे देऊन वळल्या. तो घाबरलाच. ताईंची तब्येत बरी नाही, असंच त्याला वाटलं.

"बेन, तबियत तो सारी छे ने?"

त्यांनी खरं कारण सांगितलं. तो पोट धरून हसला.

पुढच्या शिबिरात शेजारच्या खाटेवर रमणभाई होता. भरत चाललेल्या पिशवीकडे बघता बघता त्याचे डोळे जड झाले. तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "बेन, उद्यापासून मऊ टोमॅटो मी कोणाला द्यायचे?"