कडक पूल

आमच्या अक-जार गावात सून नवऱ्याचं आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घेत नाही. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण आमच्याकडे पोरांची नावं ठेवतात ती कुऱ्हाडीवरून, दगडावरून, जे हाताशी सापडेल त्यावरून. त्यामुळे सासऱ्याचं नाव टाळायचं तर ती वस्तूही जिभेवर आणायची सोय राहत नाही. सासऱ्याचं नाव बालता असेल तर सून कुऱ्हाडीला 'तोडणारी' म्हणते. शेजारीण समजून घेते आणि कुऱ्हाड देते.

झुउराकान-एजेचा, म्हणजे झुउराकानताईचा, सासरा ताश्तानबेक. ताश म्हणजे दगड. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती दगडाला 'कडक' म्हणते. सासरा जाऊन जमाना झाला, पण कडक काही मऊ झालं नाही. गावातल्या निम्म्या सुना ताश्तानच्याच भावकीतल्या, आणि उरलेल्या निम्म्या झुउराकानला घाबरून असतात. त्यामुळे चूल कडक विटांची, रस्ता कडकाळ, आणि ओढ्यावरचा जुना दगडी पूल म्हणजे 'कडक पूल'. सगळ्या बायकांना हे पाठ होतं.

सालकिन सोडून. ती वसंतात लग्न होऊन डोंगरापलीकडून आली होती.

या बायकांचा फोनवर एक गट आहे, नाव 'सुना'. त्यातली सगळ्यात थोरली सून सत्तरीची आहे. कुणाकडे आजारपण निघालं की गट भाकऱ्या पोचवतो, भिंत पडली की माती कालवतो, बाळंतिणीच्या घरी रात्रंदिवस कुणी ना कुणी असतंच. गटाला अध्यक्ष नाही, शिक्का नाही, म्हणून कामं होतात. आम्ही पुरुष दुकानासमोरच्या बाकावर बसून त्यांच्यावर देखरेख ठेवतो.

देखरेखीत सगळ्यात पुढे माम्बेताली. गावात चालू ट्रॅक्टर त्याचा एकट्याचा, म्हणून मतंही त्याचीच. "दहा जणी मिळून एक बादली उचलतात आणि वर किटलीभर चहा पितात," असं तो म्हणायचा. "मला नको कुणाची मदत. माझं गवत मी आणतो, माझं मरण मी मरेन."

भाद्रपदातल्यासारखी उन्हं पडली होती त्या दिवशी सकाळी, आणि रेडिओ म्हणाला, दुपारनंतर गारा. माम्बेताली म्हणाला, रेडिओला काय कळतं, आणि ट्रॅक्टरचा पट्टा बदलायला तालुक्याला निघून गेला. तेवढ्यात गटात सालकिनचा आवाज आला.

"एजेंनो, आमची लसूणघास कापून पडलीय. कडक पुलापाशी. हे रशियात आहेत. एनेचे गुडघे धरलेत. मी एकटी आहे. भिजली तर सडेल, आणि एने म्हणतात, चारा नाही तर गाय बाजारात. गाय माझ्या माहेरची आहे. जमलं तर या."

'एने' म्हणजे आई, इथे तिची सासू, कालिपा. बोलण्यात कडू, पण खोटं बोलणारी नव्हे. गाय विकीन म्हणाली म्हणजे विकणार. आणि ती गाय सोडली तर सालकिनला या गावात माहेरचं असं काही नव्हतं. संध्याकाळी धार काढताना ती गाईशी डोंगरापलीकडच्या बोलीत बोलायची, हे भिंतीपलीकडच्यांनी ऐकलं होतं.

झुउराकाननं उत्तरादाखल एकच शब्द पाठवला: "दाताळी."

मग गाव उठलं. कुणी चुलीवरचं दूध तसंच उतरवलं, कुणी पाळण्यातलं पोर आजीच्या मांडीत टाकलं. अनारकाननं नवऱ्याच्या हातातला रेडिओ काढून त्याच्या हातात पोळपाट दिला. खांद्यावर दाताळी घेतलेल्या बायकांची रांग दुकानावरून गेली तेव्हा बाकावरचे आम्ही सगळे आदरानं पाय आत घेऊन बसलो.

कडक पुलापाशी खरंच घास कापून पडली होती. अजून हिरवट, पण वाळलेली, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोंगराच्या खांद्यावर ढग चढायला लागला होता. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. दाताळ्यांची एक ओळ पुढे, गोळा करणाऱ्यांची मागे, आणि गंजीवर झुउराकान स्वतः, कारण गंजी रचावी तर तिनं.

"अगं, कंबर हलव, लग्नात बरी हलत होती."

"लग्न माझं नव्हतं, तुमच्या पोराचं होतं."

"म्हणून तर लक्षात आहे."

हसता हसता गंजी उभी राहत होती. एका बाईचा रुमाल वाऱ्यानं उडून ओढ्यात गेला आणि तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. सगळ्यात जोरात राबत होती बुरमा, माम्बेतालीची बायको. नवरा गावात नसला की ती गटात असायची, आणि नवरा बरेचदा गावात नसेल याची ती काळजी घ्यायची. आज तिच्या अंगात काही वेगळंच संचारलं होतं. गाल लाल, डोळ्यांत पाणी, आणि हात थांबत नव्हते.

गंजीला शेंडी बसली आणि झुउराकानचा फोन वाजला.

"एजे, तुम्ही निघालात का?" सालकिन. आवाज रडवेला.

"निघालो? अगं, आवरलं सगळं. तू कुठे दडून बसलीयेस? स्वतःच्या शेतावर पाहुणीसारखी येणार का?"

"मी शेतावरच आहे."

"मीही शेतावरच आहे."

"मला कुणी दिसत नाही. एने आहेत आणि एक कावळा आहे."

झुउराकान गंजीवरून घसरत खाली आली. "कुठल्या पुलापाशी आहेस?"

"कडक."

"पोरी, मी कडक पुलाला टेकून उभी आहे."

"मी पण."

आता आमच्या ओढ्यावर पूल दोनच आहेत. एक दगडी, दुसरा लोखंडी. आणि सालकिनच्या मेलेल्या सासऱ्याचं नाव होतं तेमिरकुल. तेमिर म्हणजे लोखंड. तेमिरकुल नात्यानं गावातल्या प्रत्येकीचा दीर नाहीतर सासरा, तेव्हा लोखंडी पुलाला बाकी सुना 'खालचा' म्हणतात. पण हे नव्या सुनेला सांगायचं सगळ्यांच्याच राहून गेलं होतं. बिचारीनं स्वतःच्या डोक्यानं लोखंडाला साजेसा शब्द शोधला होता. चांगलाच शोधला होता.

"खालचा पूल का गं?" झुउराकाननं विचारलं.

"खालचा? आमच्या घरापासून तर इथवर चढ आहे."

"देवा. हे बघ, कडक म्हणजे कुठलं कडक? डोंगरातून गडगडत येतं ते?"

"नाही, ते नाही."

"मग?"

सासू हातभरावर बसलेली असणार. मग सालकिन अगदी हळू म्हणाली, "जे गंजतं ते."

आणि लगेच फोनमधून कालिपाचा आवाज आला, सगळ्या शेताला ऐकू जाईल असा: "गंजतं? कुणाला गंजलेला म्हणालीस गं?"

झुउराकाननं फोन बंद केला. सासू-सुनेत पडायला एरवी तिला आवडतं, पण ढग डोंगर उतरला होता.

"मग ही घास कुणाची?" अनारकाननं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी बुरमाकडे पाहिलं.

"आमची," बुरमा म्हणाली.

"आणि तू बोलली नाहीस?"

बुरमानं दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. "सालकिनचा निरोप मी ऐकलाच नव्हता, फोन चुलीपाशी राहिला. दाताळी निघालेली दिसली, मागे आले. तुम्ही सरळ माझ्याच शेतात शिरलात. मला वाटलं, इतकी वर्षं मी सगळ्यांकडे जाते, यंदा तुम्ही गुपचूप माझी पाळी ठरवली असेल."

झुउराकाननं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, तो प्रेमाचा होता असं बुरमाचं नंतर म्हणणं पडलं.

नेमका तेव्हाच रस्त्यावर ट्रॅक्टर धडधडला. मागे रिकामी ट्रॉली, वर नवा पट्टा आणि माम्बेताली. त्यानं ढग पाहिला, मग गंजी पाहिली. अशी गंजी त्याच्या शेतात त्याच्या आजोबांच्या काळातही कुणी रचली नव्हती. तो खाली उतरला, गंजीभोवती एक चक्कर मारून आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू कुणी त्याच्या घरात चोरी करून वस्तू ठेवून गेलंय.

"मी कुणाला बोलावलं नव्हतं."

"नव्हतंस, भाऊ," झुउराकान म्हणाली.

"मग हे कुणी केलं?"

"दहा जणींनी. बादली उचलायला आलो होतो."

आमच्यात ज्याचं काम सगळ्यांनी मिळून केलं त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं असतं, जो घालणार नाही त्याच्याकडे पुढे कोणी चहालाही जात नाही. माम्बेतालीनं मनातल्या मनात बायका मोजल्या. "मेंढी कापतो," तो शेवटी म्हणाला, दात काढून दिल्यासारखा.

"मेंढी पळून जात नाही. ढग पळतोय. ट्रॅक्टर फिरव."

"कुठे?"

"खालच्या पुलाला. बुरमा, चढ आधी तू, म्हणजे हा निघेल."

ट्रॉलीत किती बायका मावतात याचा अंदाज त्या दिवशी गावाला आला. दुकानावरून जाताना दाताळी अशी वर आलेली होती की आम्हाला वाटलं, कुठलंतरी राज्य उलथलं. आम्ही बाकावरून उठलो. दोघं-तिघं तर मागे धावले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण धावताना बरं वाटत होतं म्हणे.

सालकिन ओढ्यापलीकडे एकटीच दाताळं मारत होती. निम्मं शेतही झालं नव्हतं. तळहातांवरचे फोड फुटले होते. कालिपा-एने एका ढिगावर बसून हाताला लागेल तेवढं ओढत होती आणि सुनेला 'गंजतं' या शब्दावरून बोलतही होती. ट्रॉली थांबायच्या आत बायका उड्या मारून पसरल्या. गंजी रचायला आता वेळ नव्हता. घास सरळ ट्रॉलीत. सालकिन हसत होती की रडत होती ते ओळखू येत नव्हतं, आणि विचारायला कोणाला सवड नव्हती. वारा उलटा फिरला, पहिली गार माम्बेतालीच्या ट्रॅक्टरच्या टपावर टणकन वाजली.

"भरली. निघ आता," झुउराकान ओरडली.

माम्बेतालीनं ट्रॅक्टर पुलापाशी आणला आणि थांबवला. "येताना ट्रॉलीत नुसत्या बायका होत्या. आता गवत भरल्यावर हा पूल घेईल का? मी नाही नेत. गवत उतरवा, पाठीवरून न्या."

"पाठीवरून? गारा सुरू झाल्या, भाऊ."

"ट्रॅक्टर ओढ्यात गेला तर नवा कोण देणार? बघा तरी हा पूल. कुणीतरी भंगारातून जोडलेला. कुणी बांधला तेही कुणाला माहीत नाही."

सालकिन ट्रॉलीला धरून उभी होती. तिच्या केसांवर गारा पडत होत्या आणि ती पुलाकडे नाही, घरच्या गोठ्याकडे बघत होती.

कालिपा-एने ढिगावरून उठली. तिचे गुडघे धरलेत हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे ती चालत ट्रॅक्टरपर्यंत आली तेव्हाच अर्ध्या जणी तिला वाट द्यायला बाजूला झाल्या. तिनं काठी पुलाच्या कठड्यावर आपटली.

"तेमिरकुलनं बांधलाय."

वारा सोडला तर काहीच हललं नाही. सालकिननं तोंडावर हात धरला. कालिपानं लग्न झाल्यापासून ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याला पुरताना 'अहो' म्हणूनच रडली होती.

"माझ्या नवऱ्यानं," कालिपा म्हणाली. "तेमिरकुलनं. एकेक जोड स्वतःच्या हातानं ठोकलाय. तू तेव्हा आईच्या झग्याला नाक पुसत होतास. चालव."

माम्बेतालीनं चालवला. पूल असा किंचाळला की पलीकडची कुत्री भुंकायला लागली, पण हलला नाही. कालिपा कठड्याला हात लावून ट्रॉलीच्या बाजूनं चालत राहिली, आणि मागून सगळ्या बायका, डोक्यावर दाताळी धरून, गारांत, ओरडत, हसत.

गोठ्याचं दार बंद झालं आणि आभाळ फुटलं. पत्र्यावर असा मारा सुरू झाला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. जागा एवढीच की बायका घासावर आणि घास बायकांवर. माम्बेताली कोपऱ्यात गाईच्या शेपटीपाशी उभा होता, कारण दुसरीकडे जागा नव्हती. गाईनं ढिगात तोंड घातलं होतं.

जरा मारा ओसरल्यावर झुउराकान कालिपाच्या कानाशी वाकली. "एने, नाव घेतलंत. कसं वाटलं?"

कालिपानं थोडा विचार केला. "जीभ जागेवर आहे. पूलही."

मग तिनं सालकिनकडे पाहिलं. सालकिन गाईच्या मानेला बिलगून उभी होती आणि सासूची नजर टाळत होती.

"तिथे काय उभी आहेस?" कालिपा म्हणाली. "ते वरचं गवत मागे सार, ओल लागेल. आणि उद्या माझ्या पोराला कळव, गाय बाजारात न्यायची नाही. एवढा चारा साठलाय तो काय मी खाणार आहे?"