शेवटची सात मिनिटं

मी तीन तासांची व्हिडिओ कॅसेट. जे सांगायचंय ते सांगायला मला तोंड नाही. तसं ते कधीच नव्हतं, पण आता लाजेनेही नाही.

कारखान्यातून आम्ही हजारो जणी एकाच साच्यातून निघालो. कुणाच्या नशिबी लग्नं आली, कुणाच्या नशिबी कुस्त्या. मला एका निवृत्त कारकुनाने घेतलं. ते एका साप्ताहिकात टीव्हीवरच्या मालिकांची परीक्षणं लिहीत. शिस्त अशी, की शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. "पाकीट न फोडता पत्राला उत्तर देऊ नये," असं ते मुलीलाही सांगत.

बापलेकीची एक लाडकी मालिका होती. अंतराळवीर आपल्या लेकीला घरी ठेवून दूरच्या ग्रहावर जातो आणि परतीची वाट शोधत राहतो. बघायला लागली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. तो परत येईपर्यंत तिचं लग्न झालं. अंतराळयान आणि सरकारी फाइल यांचा वेग बहुधा सारखाच असावा.

शेवटच्या भागाच्या दिवशीच त्यांच्या जुन्या कार्यालयात एकाचा निरोप समारंभ होता. त्यांनी मला यंत्रात घातलं, वेळ लावली आणि गेले. माझा पहिला तास भाचीच्या नाचाने अडवलेला. तो पुसायला बाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, सक्त मनाई. उरले दोन तास. भागही दोन तासांचा, असं जाहीर झालं होतं. निघाला सात मिनिटं जास्त. यान उतरलं, दार वर जाऊ लागलं, पांढरा उजेड आला आणि मी संपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेवटपर्यंत पाहिलं आणि काळ्या पडद्याकडे बघून मान डोलावली.

"काय शेवट केलाय! दार उघडलं, बस्स. पुढचं आपल्यावर सोडलं."

"पण शेवटी ती नावं नाही आली?" बाईंनी विचारलं.

"तेच तर धाडस!"

"मला वाटतं, कॅसेट संपली."

"तुझं आपलं काहीतरीच!"

त्या वेळी मी निदान यंत्रात अडकायला हवं होतं. एरवी अडकते की!

परीक्षण छापून आलं: 'बापलेकीची रडकी गाठभेट टाळल्याबद्दल दिग्दर्शकाचे आभार.'

रविवारी मुलगी आली. हातात साप्ताहिकाची गुंडाळी.

"बाबा, ती भेट तुम्हाला रडकी वाटली?"

भेट झाली होती, हे त्यांना तेव्हा कळलं. पण तीस वर्षं कार्यालयात काढलेला माणूस चूक एकदम कबूल करत नाही. "तशी... अनावश्यकच. म्हणून तिचा विचार केला नाही."

"मी तिकडे हुंदके देत होते. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. मला वाटलं, इकडे तुम्हीही रडत असाल." तिने गुंडाळी टेबलावर ठेवली, चपला घातल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बघत होते."

"थांब," ते म्हणाले. मला यंत्रात घातलं. भाचीचा नाच पळवला, पुढचे दोन तासही. दार, उजेड, काळोख, खट्.

"एवढंच?"

"एवढंच पाहिलं मी. पुढचं मला माहीत नाही."

"आणि लिहिलंत?"

"लिहिलं." ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

"मी सांगितलं होतं," बाई आतून म्हणाल्या.

मुलगी उंबऱ्यातून मागे वळली. मग तिने चपला काढल्या. "उठा. त्या कपाटातून उतरा. ते यान."

ते खरंच उठले, साप्ताहिक हातात घेऊन कपाटापाशी गेले आणि दोन पावलं पुढे आले.

"मिठी नाही, काही नाही. ती नुसती त्याच्या हातातली पिशवी घेते आणि म्हणते, चला." तिने त्यांच्या हातातली गुंडाळी घेतली. "चला बाबा."

मग त्यांना रडू आवरलं नाही. हे सगळं माझ्यासमोर घडलं आणि माझ्यावर त्यातलं काही नाही.

पुढच्या अंकासाठी संपादकांनी सुचवलं, "छपाईच्या जुळणीतली चूक म्हणू." यांनी लिहून दिलं: 'मी शेवट पाहिला नव्हता.' सदर बंद झालं.

आता यंत्रही मोडीत गेलंय. मी कपाटात आहे. भाचीला नाच हवा असेल तर खुशाल न्या मला. फक्त माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर त्या मालिकेचं नाव आहे आणि त्यापुढे त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलंय, 'संपूर्ण'. कुणीतरी तेवढं खोडा.