दीड सूत

तिने फळीची जाडी ठरवणाऱ्या करवतीच्या गाईडची पाचर उपटली आणि भुशात भिरकावली. कालही भिरकावली होती. आजही बाबांनी ती हुडकली, फुंकर मारून साफ केली आणि पुन्हा जागच्या जागी ठोकली. हा माणूस उभ्या जन्मात कुणाचं ऐकणार नव्हता.

"या पाचरेमुळे प्रत्येक फळी एका इंचापेक्षा दीड सूत जास्त जाड निघते," ती म्हणाली. "शहरातला ठेकेदार या खेपेला माल परत पाठवून थांबणार नाही, कामच काढून घेईल. मग मिलला कुलूप."

"आणि गावाचं काय?"

गावाचं दुखणं तिला तोंडपाठ होतं. तिच्या जन्मापासून गावात जेवढी दारं बसली, ती याच मिलची, आणि सगळी दीड सूत जाड. मागे तिने हट्टाने अचूक फळ्या कापल्या, तर दुसऱ्याच दिवशी सुतार त्या घेऊन हजर.

"ताई, तुमचं माप बरोबर आहे, गाव चुकलंय," तो म्हणाला होता. "पण जुन्या चौकटीत फळी खुळखुळते. आता दुसरं गाव कुठून आणू?"

"मुळात ही पाचर लावली कुणी?" तिने वैतागून विचारलं.

बाबा करवतीचा पट्टा चाचपत राहिले. "तुझ्या आजोबांनी. शेवटी शेवटी त्यांना पट्टीवरचे आकडे दिसत नव्हते. त्यांनी अंदाजाने लावली, मी कापत गेलो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर त्यांनी पुन्हा मिलमध्ये पाऊल टाकलं नसतं."

तिने कपाळावर हात मारला. एका म्हाताऱ्याचा मान राखायला अख्खं गाव जाड करून ठेवलं होतं.

"बरं. गावाच्या मालाला पाचर लावा, शहराच्या मालाला काढा. एवढंच. हा ओंडका शहराचा आहे."

"कळतं मला."

बाबांनी ओंडका चढवला, पाचरेवरून अंगठा फिरवला आणि ती तशीच ठेवून फळी काढली. तिचा पारा चढला. ती तरातरा पुढे आली, तोवर बाबांनी खिशातली पट्टी फळीच्या कडेला लावली होती.

"बघ, एक इंच. झालं समाधान?"

पट्टी उलटी धरली होती. आकडे डोक्यावर उभे होते आणि बाबांना त्याचा पत्ताही नव्हता.

ती दोन पावलं मागे सरली.

"बरोबर आहे, बाबा. तुम्ही जरा पाणी पिऊन या."

ते पाठमोरे होईपर्यंत तिने पाचरेला हात लावला नाही.