नाथाजी मेजरांच्या गाडीतला आवाज

नाथाजी मेजरांची गाडी दुकानासमोर तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा दुकानदार अतिशय चौगुलेला वाटलं, मागच्या दारानं निघून जावं.

सांगलीत मिरज रस्त्याला अतिशयचं गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमचं दुकान होतं. नाथाजी कडेगावचे. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण त्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला सगळे मेजरच म्हणतात. घराणं धनगराचं. भाऊबंद अजून आटपाडीकडं मेंढरं राखून होते, आणि एक चुलतभाऊ बिरोबाच्या जत्रेत ढोलावर ओव्या म्हणायचा. त्या ओव्या फोनमध्ये भरून घेऊन नाथाजी गाडीत लावायचे. त्यांची तक्रार एकच होती. आवाज कमी आहे.

पहिल्या खेपेला अतिशयनं सीटखाली मावणारा आठ इंची वूफर बसवून दिला. पंधरवड्यात मेजर परत आले. मग तो काढून डिकीत खोक्यासकट बारा इंची बसवला. वूफरचा पडदा जेवढा मोठा तेवढी हवा जास्त ढकलली जाते आणि ढोलासारखा खालचा आवाज जास्त भरतो, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. मेजरांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. आणि आज पुन्हा हजर. शेजारच्या सीटवर त्यांची बायको राहीबाई कानात कापूस घालून बसली होती.

"अजून एक टाका," मेजर म्हणाले.

अतिशयनं त्यांना खुर्चीत बसवलं. एका वूफरचे दोन केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, असं तो परोपरीनं सांगू लागला. आहे त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर दुसरा जोडला तर थोडाच फरक पडतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकदही दुप्पट केली तर बऱ्यापैकी पडतो. पण कानाला दुप्पट वाटायचा तर ताकद दहापट लागते, आणि तेवढी ओढ गाडीच्या बॅटरीला झेपत नाही. शिवाय दोन खोकी ठेवली की डिकी संपली, पिशवी ठेवायलाही जागा उरणार नाही.

मेजरांनी सगळं ऐकून घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मग अ‍ॅम्प्लिफायर बी मोठा टाका."

गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की दुकानदारानं काय करायचं? अतिशयनं दिवसभर मान मोडून काम केलं. जुनं खोकं काढलं, दोन बारा इंची एका खोक्यात बसवले, जाड वायर बॅटरीपासून मागपर्यंत ओढली. संध्याकाळी ओव्या लावल्या. ढोलाचा पहिला ठोका पडला तशी नंबरप्लेट थरथरली. दुसऱ्या ठोक्याला गाडीचे दिवे मंद झाले. समोरचा औषधवाला बाहेर येऊन हातानंच काय चाललंय म्हणून विचारू लागला. राहीबाई दार उघडून खाली उतरली आणि लांब जाऊन उभी राहिली.

मेजर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते. जरा वेळानं त्यांनी काच खाली केली.

"न्हाई शेठ. अजून कमीच हाय."

अतिशयचा पारा चढला. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. कामाला नावं ठेवणारे भेटले होते, पण रस्ता हादरत असताना आवाज कमी म्हणणारा हा पहिलाच. आपण केलेल्या कामानं काय फरक पडलाय तो याला दाखवूनच द्यायचा, म्हणून त्यानं मागं जाऊन दोन्ही वूफरच्या वायरी उपसल्या. ढोल एकदम बसला. दारातल्या छोट्या स्पीकरमधून नुसता गाणाऱ्याचा आवाज येऊ लागला.

"आता बघा," तो पुढं येऊन म्हणाला. "हा बिनवूफरचा. कळला फरक?"

मेजर पुढं वाकले होते. डोकं जवळजवळ दाराला टेकवलं होतं. "आता जरा कळाय लागलंय," ते म्हणाले.

"काय कळाय लागलंय?"

"शब्द."

अतिशयच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस ढोल मागतच नव्हता. त्याला ओवी काय म्हणते ते ऐकायचं होतं, आणि आपण खेपेखेपेला ढोल वाढवून ती आणखीनच बुडवत गेलो होतो. त्यानं गाणं बंद केलं आणि मागच्या सीटवर बसून, मेजरांच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात, चहा घेतला का म्हणून विचारलं. मेजर समोर बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही.

राहीबाई तोवर जवळ आली होती. "मी कवापासनं सांगतीया," ती म्हणाली. "तर मलाच म्हणत्यात, तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतीस."

अतिशयनं पुढं येऊन, मेजरांच्या तोंडासमोर उभं राहून, कान तपासून घ्या असं सांगितलं. झालं. मेजर भडकले. एवढा ढोल छातीत वाजतोय तो मला ऐकू येतोय, मग कानाला काय धाड भरलीय, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं काम जमलं नाही म्हणून माझ्या कानावर ढकलतोय, हेही ते बोलून गेले. वायरी जोडायला लावल्या आणि ढोल वाजवतच निघून गेले. दिवसभराच्या कष्टावर हे ऐकून घ्यावं लागलं म्हणून अतिशयला रात्रीचं जेवणही गेलं नाही.

पुढं राहीबाईनंच मनावर घेतलं. साताऱ्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात ब्लडप्रेशर तपासायला जायचंय असं सांगून तिनं नवऱ्याला नेलं आणि नेऊन कानाच्या डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं नंतर अतिशयला फोनवर सांगितलं. तोफांच्या आवाजानं बारीक आवाज ऐकणारी कानाची ताकद गेली होती. जाड आवाज तेवढा शाबूत होता. ढोल ऐकू यायचा, शब्दाची धार जायची.

चौथ्या खेपेला मेजर आले ते दोन्ही कानांमागं यंत्रं लावून. अतिशय काउंटरमागून बाहेर आला. निदान आज तरी चार चांगले शब्द ऐकायला मिळतील, अशी त्याला आशा होती.

मेजर गाडीतून उतरले आणि पहिलं बोलले ते असं, "आवं शेठ, ह्यो काय ढोल लावून ठेवलाय तुमी? माणसाचं डोकं फुटंल की."

अतिशयनं कपाळावर हात मारला. तुम्हीच मागितला, मी नको नको म्हणत होतो, हे सगळं त्याच्या ओठावर आलं. पण राहीबाई मेजरांच्या मागं हात जोडून उभी होती. त्यानं मुकाट्यानं दोन्ही वूफर, खोकं, अ‍ॅम्प्लिफायर सगळं काढलं. सीटखालचा जुना आठ इंची तेवढा परत बसवला आणि आवाज खाली आणून ठेवला.

तेवढ्यानं भागलं नाही. मेजरांना आता डिकीच्या दाराची खडखड ऐकू येत होती, डॅशबोर्डमधली किरकिर ऐकू येत होती, कुठंतरी सैल झालेला एक स्क्रूसुद्धा ऐकू येत होता. त्या ढोलानंच गाडीचं सगळं ढिलं केलं होतं. प्रत्येक आवाज ते बोटानं दाखवत होते आणि अतिशय पाना घेऊन गाडीखाली, सीटखाली, दारात शिरत होता. दुपार त्यातच गेली. घामानं शर्ट पाठीला चिकटला. या माणसाला बहिराच राहू दिला असता तर बरं झालं असतं, असंही एकदा त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

शेवटी ओव्या लावल्या. ढोल मागं, गाणारा पुढं. मेजर डोळे मिटून ऐकत राहिले. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि चुलतभावानं एक कडवं गाळलंय, जत्रेला गेल्यावर विचारायला पाहिजे, असं म्हणाले. अतिशयच्या कामाबद्दल काही बोलले नाहीत.

निघताना त्यांनी बायकोला पाण्याची बाटली घेतली का म्हणून विचारलं. वर्षानुवर्षाच्या सवयीनं राहीबाई गाडी दणाणून टाकील अशी ओरडली, "घेतलीया!"

मेजर दचकले. "अगं, हळू बोल की."

राहीबाई नवऱ्याकडं बघत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात, कसं जमतंय ते बघितल्यासारखी, ती म्हणाली, "घेतलीया."

"हां," मेजर म्हणाले आणि गाडी सुरू केली.