गळ्यातलं

जिन्याच्या मधल्या वळणावर वरून सासूला दिसत नाही आणि खालून नवऱ्याला. रुद्राणी लेकीला तिथंच थांबवायची. दहा वर्षांची शिवलीला मान पुढं करायची. रुद्राणी तिच्या शर्टाचं वरचं बटन काढून गळ्यातल्या दोऱ्याची, शिवदाऱ्याची, गाठ सोडवायची आणि लिंगाची चांदीची डबी रेशमी फडक्यात गुंडाळून कमरेला खोचायची, मग वर जाऊन कपाटात दडवायची. "जा आता. ऊन लई आहे, पाणी पीत जा." लेक पायऱ्या उतरायची. संध्याकाळी त्याच वळणावर डबी पुन्हा गळ्यात. वीस-बावीस दिवस हे असंच चाललं होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं आणि पावसानं पाठ फिरवून दुसरं. दोन्हींचा ताप एकाच घराला. जिल्हा झाला म्हणून साहेब लोक बदलून आले, त्यांची लेकरं आली, आणि ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत पाचवीच्या एका जागेसाठी सहा-सहा अर्ज पडायला लागले. पाऊस नाही म्हणून टँकर पहाटे चारला यायचा, की पाचला, की यायचाच नाही. रुद्राणीचा नवरा सिद्धलिंग याचं गोलाईच्या बाजारात, घराखालीच, भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या घागरी आणि ड्रम मात्र असे खपत होते की त्याला लाज वाटायची. "लोकाच्या घरात पाणी नाही आणि माझ्या घरात दिवाळी," म्हणायचा, आणि जेवता जेवता पेंगायचा.

शिवलीलाच्या प्रवेशासाठी रुद्राणी जूनमध्ये दोन दिवस शाळेच्या व्हरांड्यात उभी होती, तेव्हा धाकटा बसू पोटात होता. बी.ए.चा दाखलाही सोबत नेला होता, कशाला ते तिलाच ठाऊक. जागा मिळाली, पण मिळाल्यापासून जाईल जाईल अशीच धाकधूक. डायरीतली प्रत्येक सूचना ती दोनदा वाचायची. फेब्रुवारीत खेळांच्या वेळी एका मुलीची सोन्याची साखळी हरवली आणि डायरीत चिकटवलेला कागद आला : विद्यार्थिनींनी गळ्यात साखळी, माळ वगैरे घालून येऊ नये.

त्यातल्या 'वगैरे'नं तिची झोप उडाली.

शेजारच्या उमाबाईनं वर तेल ओतलं. "आधी आपलं काढायला लावतात रुद्राणी, मग त्यांचं घालतात. माझ्या मावसबहिणीच्या जावेनं डोळ्यानं बघितलंय."

"कुठं बघितलं?"

"कुठंतरी बघितलंच की. उगंच बोलती का मी?"

शाळेत जाऊन विचारावं, एवढं सोपं होतं. पण विचारलं तर नजरेत येणार. ही लिंगायताची बाई, हिला आमचे नियम पटत नाहीत, असं कुणाच्या मनात आलं तर? रुद्राणीनं विचारलं नाही. लेकीला सांगितलं, "सिस्टरनी सांगितलंय, शाळेत गळ्यात काही नको."

"माझं पण?"

"तुझं पण. अज्जीला सांगू नको."

लेक हळूच म्हणाली, "बरं."

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला शाळेचा शिपाई धोंडप्पा सायकल दुकानाच्या पायरीला टेकवून घाम पुसत वर आला. सिद्धलिंग ड्रमचा माल आणायला सोलापूरला गेलेला. "वहिनी, चला बरं. लेकरू पडलंय."

"पडलं म्हणजे? कुठं लागलं?"

"लागलं न्हाई. रांगेत हुबी हुती, तशीच खाली बसली. आता सुद्दीवर हाय. सिस्टरनी बोलिवलंय, घाबरू नगा."

घाबरू नगा म्हटलं की माणूस घाबरतंच. आठ महिन्यांच्या बसूला कडेवर मारून रुद्राणी निघाली. सासू गुरम्मा आत पडली होती. "बाजारातून येते," एवढंच तिला सांगितलं. औसा रस्त्यानं चालताना डोक्यात एकच हिशेब चालला होता. डबा रोज रिकामा येत होता, बाटली रोज रिकामी येत होती. शाळेची विहीर आटल्यापासून प्रत्येक लेकरानं घरून पाणी न्यायचं होतं, म्हणून ती स्वतः अर्धा तांब्या पिऊन लेकीची बाटली गळ्यापर्यंत भरायची. संध्याकाळी लेक आली की दोन तांबे घटाघट प्यायची. तेही रुद्राणीनं बघितलं होतं. उन्हाचं आहे, म्हटलं होतं. तिचं लक्ष सगळीकडं असायचं. नखं, वेणी, वहीचे कोपरे, सगळीकडं.

शाळा आता दुमजली दगडी होती, पण मागं जुनी पत्र्याची शेड तशीच ठेवलेली होती आणि तिथंच आजारी मुलींची खोली होती. शिवलीला खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. ओठ फुटलेले. उशाशी मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला, भरलेला. खाटेच्या पायथ्याशी परकर-पोलक्यातली एक मुलगी पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

मुख्याध्यापिका सिस्टर क्लोटिल्डा मूळच्या मंगळूरकडच्या. गावानं त्यांचं 'कोतिलदाबाई' करून टाकलं होतं, आणि त्याही त्याला ओ देत. त्यांनी रुद्राणीला स्टूल दिलं. त्यांचा चेहरा वीस मैल चालून आल्यासारखा.

"डॉक्टर येऊन गेले. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणतात. तासाभरात तोंडानं पाणी गेलं नाही तर सलाईन. पण ही पीत नाही. चमचा लावला की दात आवळते." "मी विचारते, राग मानू नका. घरी खायला-प्यायला… काही अडचण आहे का?"

"सिस्टर, मी रोज दोन भाकरी देते. भाजी देते. बाटली देते."

"ते तर आमीच खातो की," वारा घालणारी मुलगी म्हणाली. ती सिंधू, मुरुडकडची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. "रोज देती ती आमाला. पानी बी देती. मी म्हनलं, तुला न्हाई का गं? तर म्हनती, माजा उपास हाय."

"रोज उपास?" सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज खाता?"

"आमाला वाटलं, त्येंच्यात आसंल." सिंधूनं पुठ्ठा थांबवला. "हास्टेलात दोनच तांबे मिळतेत, सिस्टर."

वसतिगृहाच्या साठ मुलींना दोन-दोन तांबे सिस्टरांनीच ठरवून दिले होते.

रुद्राणीला सगळं उमजलं. मागच्या वर्षी स्वामींकडून दीक्षा झाली तेव्हा गुरम्मानं नातीला मांडीवर घेऊन शिकवलं होतं : अंगावर लिंग नसेल तर पाण्याचा थेंब घशाखाली उतरवायचा नाही. हरवलं तर सापडेपर्यंत उपाशी राहायचं. रुद्राणी तिथंच बसून शेंगा निवडत होती. तिनं ऐकलं होतं आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. लेकीनं सोडलं नव्हतं. सकाळी साडेनऊला जेवून निघायची ती संध्याकाळी साडेपाचपर्यंत, मार्चच्या लातुरात, कोरडी.

ती खाटेवर वाकली. स्वतःच्या पोलक्यातून आपली डबी काढली, लेकीच्या हातात दिली. "हे धर. दर्शन घे आणि पी, बाळा."

शिवलीलानं डोळे उघडले. "हे तुझं आहे."

"असू दे. देव एकच."

"दुसऱ्याचं चालत नाही. अज्जी म्हणते." आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

सिस्टर बघत होत्या. "काय आहे हे?"

"तिचं… लिंग असतं आमच्यात गळ्यात. आज घरी राहिलं." खोटं इतकं सहज आलं की रुद्राणी स्वतःच चपापली. आज राहिलं! आणि बावीस दिवस? पण सिस्टरनी तेवढ्यावर ते आणायला धोंडप्पाला हाक मारली, आणि आता सासूला कळवल्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण डबी कपाटात, साड्यांच्या खालच्या चोरकप्प्यात होती. रुद्राणीनं कमरेची किल्ली काढून दिली. "आत्यांना सांगा, निळ्या फडक्यात आहे. तुमच्याकडंच द्या म्हणावं."

वाट बघताना बसू रडला, थकला, झोपला. सिस्टर पेल्यावर झाकण ठेवून बसल्या. बोलायचं म्हणून बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ही शेड बहात्तरची. दुष्काळात इथं आम्ही लेकरांना मदतीची गोड भरड, सुकडी, वाटायचो. लेकरं खायची आणि उठायचीच नाहीत, सावली होती ना. फादर म्हणाले, बसलीच आहेत तर पाट्या द्या. अशी शाळा झाली." त्या जरा हसल्या. "गावात म्हणायचे, सुकडी खाल्ली की बाटतो. निम्म्या आया लेकरांना मागच्या दारानं पाठवायच्या. आता प्रवेशासाठी कलेक्टर ऑफिसातून चिठ्ठ्या येतात. पण मागचं दार काही जात नाही, रुद्राणीबाई. कुणी समोर येऊन विचारतच नाही. तेव्हाही नाही, आताही नाही."

रुद्राणीनं बसूच्या टाळूवरून हात फिरवला. सांगून टाकावं, असं वाटलं. तोंड उघडेपर्यंत बाहेर रिक्षा थांबली.

गुरम्मा स्वतः आली होती. अनवाणी. फडकं छातीशी धरलेलं, मागं धोंडप्पा अपराध्यासारखा. आत येऊन तिनं नातीकडं बघितलं आणि मग सिस्टरकडं.

"देवाला कुलूप?" ती म्हणाली. "कपाटात, साड्यांच्या खाली? उमाबाईनं जिन्यातच सांगितलं मला सगळं. गळ्यातलं काढायला लावता काय लेकरांच्या? चाळीस वर्षं या गावात राहते, कुणाच्या देवाला हात लावला नाही मी. नाव काढा हिचं. आत्ता. दाखला द्या हातात."

"अम्मा, बन्नि, या, बसा आधी," सिस्टर कानडीत वळल्या. गुरम्मा उदगीरकडची, घरात कानडीच बोलणारी. ती क्षणभर अडखळली, पण बसली नाही. खाटेवर टेकून तिनं फडकं सोडलं. "बा कूस. घे. नीर कुडी, पाणी पी."

शिवलीला उठून बसली. डबी हातात घेतली, उघडली, डोळ्यांना लावली. रुद्राणीनं पेला पुढं केला. पण लेकीनं डबी मिटून अज्जीच्या हातात परत दिली, आणि भेदरून सिस्टरकडं बघितलं.

"काय झालं?" सिस्टर म्हणाल्या.

"शाळेत चालत नाही ना," शिवलीला म्हणाली. आवाज कागदासारखा. "तुम्ही रागावाल. माझं नाव काढाल."

"बघा!" गुरम्मा उठली. "बघा लेकराला कसं भेदरवून ठेवलंय!"

"मी?" सिस्टर म्हणाल्या. "मी कधी म्हटलं तुला, शिवलीला?"

लेकीनं आईकडंही बघितलं नाही. तिनं बावीस दिवस कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेत नव्हती. गप्प राहायचं असेल तर रुद्राणीला वाट मोकळी होती. दाखला हातात आला असता, उमाबाईची गोष्ट खरी ठरली असती, गोलाईतल्या चार दुकानांत ती रात्रीपर्यंत पोचली असती. आणि पेला तसाच भरलेला राहिला असता.

"सिस्टरनी नाही सांगितलं," रुद्राणी म्हणाली. "मी सांगितलं. माझ्याच मनानं. सिस्टरचं नाव खोटं घेतलं मी. शाळेत घातलेलं चालतं, लीला."

शिवलीलानं अज्जीच्या हातातल्या डबीकडं बघितलं.

"चालतं?" शिवलीलानं सिस्टरना विचारलं. आईला नाही.

"चालतं. सोन्याची साखळी नको म्हटलं होतं मी, हरवते म्हणून. हे कुणी काढायला सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते."

गुरम्मानं नातीच्या गळ्यात शिवदारा बांधला. लेक पेला दोन्ही हातांनी धरून प्यायली, मग दुसरा. तिसऱ्याला सिस्टरनी हात धरला, "हळू, हळू." गुरम्मा सुनेकडं बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बी.ए. झालीस. एक प्रश्न विचारता आला नाही तुला?"

रिक्षात दोघी बसल्या. शिवलीला अज्जीच्या कुशीत सरकली आणि समोर बघत राहिली. गुरम्मानं झोपलेल्या बसूलाही घेतलं. "तू ये मागून," ती म्हणाली. दाखल्याचं पुन्हा काढलं नाही, आणि ते मिटलं की उद्यावर गेलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

रुद्राणी फाटकाकडं वळली तेव्हा सिस्टर व्हरांड्यात उभ्या होत्या.

"लेकीच्या गळ्यातलं काढणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्या कागदातलं 'वगैरे' मीच लिहिलं होतं. आणि न विचारता मागचं दार धरायचं, हे सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी खिशातून खडू काढला, बोटांत फिरवला, परत ठेवला. "मी वर्गात जाऊन सांगितलं तर मुली मान हलवतील. आई बोलली तर ऐकतील. याल?"

जावंसं वाटत नव्हतं. घरी जिन्यात उमाबाई उभी असणार, आणि वर गुरम्मा. रुद्राणी सिस्टरांच्या मागून चालू लागली.

पाचवी ब मध्ये पन्नासएक मुली ताडकन उभ्या राहिल्या. रुद्राणीनं पदर सावरला. कॉलेजात वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं तिला, आणि आता एक वाक्य जुळेना. "मी शिवलीलाची आई," ती म्हणाली. "गळ्यात देवाचं काही असेल तर काढायचं नाही. माझी चूक झाली. मी तिचं काढून ठेवलं होतं, म्हणून ती पाणी पीत नव्हती. तुमच्यापैकी कुणाचं घरी ठेवलेलं असेल तर उद्या घालून या. सिस्टर रागावणार नाहीत."

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं शेजारणीकडं बघितलं. मागून एक हात अर्धवट वर आला.

"बाई, तावीज बी चालतो का?"

"चालतो," सिस्टर म्हणाल्या.

"माजा दप्तरात हाय."

"मग घाल."

दप्तरं उघडण्याचे आवाज सुरू झाले. एक नाही, चार-पाच दप्तरं. दोघी-तिघी बाकाखाली वाकून एकमेकींच्या गाठी बांधू लागल्या. सिस्टर क्लोटिल्डा बराच वेळ ते बघत राहिल्या, आणि मग दाराकडं वळून थकल्या आवाजात म्हणाल्या, "चला. सहावीच्या दोन तुकड्या आहेत. मग सातवी."