चाकोरीतला झिरा

अयोध्यानं लेकीला कडेवरून उतरवून घाटाच्या शेवटच्या पायरीवर, सावलीत बसवलं. पदर खोचला आणि कोरड्या नदीत उतरून ट्रॅक्टरच्या चाकोरीतच खुरपं घातलं.

वरची वाळू तापलेली होती. कोपरभर खाली गेल्यावर ती गार लागली, मग ओली. हात वाळूत होते, कान उताराकडे. मधेच पोरगी खोकली की मान आपोआप वळायची.

ट्रॅक्टर आला तेव्हा खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी जमायला लागलं होतं. वाळू भरून न्यायला आलेल्या सटवानं इंजिन चालूच ठेवलं.

"वैनी, सरका की. रस्त्यात काहून बसलाव?"

"झिरा काढायले."

"गावात टँकर येतोय, अन् चेअरमनची सून झिरा उकरती. लोकं हसतील."

"हसू दे."

टँकरच्या पाण्यानंच पोरीला जुलाब झाले होते. माजलगावच्या दवाखान्यात नर्सला तिच्या मनगटात शीर सापडत नव्हती, ते अयोध्या विसरली नव्हती. तेव्हापासून ती झिऱ्याचं पाणी गाळून, उकळून पाजत होती. वाळू पाणी धरून ठेवते, हे तिनं कॉलेजात भूगोलाच्या पेपरात लिहिलं होतं. पण भीती पुस्तकातली नव्हती. वरच्या अंगाची वाळू गेल्या साली उपसून नेली, आणि तिथं आता नुसता खडक उघडा पडला होता, झिरा लागत नव्हता.

निजामाच्या काळात नदी ओलांडायच्या या उताराला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. पूर ओसरेपर्यंत मालाच्या गाड्या इथं अडकून पडायच्या, आणि त्या थांबलेल्या माणसांच्या जिवावर पेठ वसली. आता पेठेतली निम्मी दारं बंद होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. नदीनं मागं ठेवली ती एवढी वाळू. तीही सोसायटीच्या नव्या गोदामाला लागणार होती. रात्री जेवताना तिनं विषय काढला, तर सासरे मोहनराव म्हणाले, "गोदाम काय माझ्या घरचं हाय का?" आणि ताटात हात धुतला.

तिनं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकलं. नवं झिरपलं. मग पदराची गाठ सोडून तिनं काठावर हळदकुंकू वाहिलं.

सटवानं इंजिन बंद केलं. कुंकू लागलेल्या झिऱ्याजवळ कुणी पायताण घालून जात नाही. त्यावरून चाक घालणं तर लांबच.

"लई केलं तुमी वैनी," तो म्हणाला. "आता चेअरमनला काय सांगू?"

"बोलवून आणा त्यांना."

मोहनराव आले ते वहाणा करकरवत. मागे सासू दगडाबाई. कुंकू दिसलं तसे मोहनराव लांबच थांबले.

"ऊठ. घरी चल."

"नाही मामा." झिऱ्याच्या काठावरचा हात तिनं उचलला नाही.

"उन्हातान्हात लेकराला घेऊन तमाशा मांडायलीस?" ते बायकोकडे वळले. "उचल ती पोर. आई येती मग मागं मागं."

दगडाबाई पायरीशी गेल्या. पोरीच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघितली आणि तिला उचललं. पोरगी घरी गेली तर आपल्याला उठावंच लागणार, हे अयोध्याला कळत होतं.

दगडाबाईंनी वाळूच्या काठाशी चपला सोडल्या. अनवाणी येऊन त्यांनी पोरगी अयोध्याच्या मांडीवर ठेवली. मग पलीकडच्या चाकोरीत जाऊन बसल्या आणि हातानं वाळू लोटायला लागल्या.

"तू काय करायलीस?" मोहनरावांनी विचारलं.

"दुसरं चाक इकडूनच जाईल न्हवं," त्या म्हणाल्या. "खुरपं दे गं."

अयोध्यानं खुरपं पुढे केलं.

सटवा ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन टेकला आणि कुणाकडेच बघेना. झिऱ्यातलं पाणी निवळत होतं. पोरीला त्यात काहीतरी दिसलं असावं. ती वाकून हसली, मग मान वर करून तिनं आजोबांकडे हात पसरले.

मोहनराव उताराकडे बघत उभे राहिले. पोरगी हात खाली घेईना.

मग ते वाकले, आणि तापल्या वाळूत वहाणा काढल्या.